रुखमाच्या घरचा नवा

कुरखेडा तालुका,
ता. ३ सप्टेंबर १९९८

चि. अंकुशले आजी मंगलीचे अ. आ. वि. वि. प्रभूच्या कृपेनं आम्ही इथी बरे आहो. तू नागपुरात बराच असशील. दुखलं-खुपलं असतं तं तुझं कार्ड कवाच आलं असतं.

तुझी बकरी व्याली, दोन पाठी झाल्या. तुझ्या बापानं छपरी शाकारली आन उतरताना पाय मुरगळून घेतला. आता खाटेवर बसून मले शेती शिकवते.

आता कामाचं. हलका धान पिवळा पडून राह्यला, म्हणजे दसऱ्याच्या आत माझ्या बहिणीच्या घरी, रुखमाकडं, नवा होईल, नव्या धानाचा पहिला भात. परसाल तू पाद्र्यायच्या शास्त्रशाळेतून लिवलं होतं, आजी, नवा खाऊ नको, तो भात त्यायच्या देवापुढं ठेवलेला राह्यते, करिंथकरांच्या पत्रात पौलानं मनाई केली आहे, बायबलवरच्या मोठ्या टीकेच्या ग्रंथात खुलासा आहे. तुझं पत्र मंडळीच्या वडिलानं, देवरावनं, उपासनेत उभं राहून वाचलं. मग मी काय करू? रुखमाच्या घरी गेली, पंगतीत बसली, तिनं पळसाच्या पानावर भात वाढला आन मी पान सरकवलं. तिच्या सुनायच्या समोर.

नवा घरच्यालेच वाढतात, हे तुले नव्यानं सांगाव लागते काय? जो खात नाई तो पाहुणा. मी या धर्मात आली तवा गोतातले लोक म्हणत होते का मंगली आता आपली नाई. रुखमानं त्यायले सांगतलं का तिनं देव बदलला, आमची माय तं एकच आहे. त्या रुखमानं वर्षभर माझ्या दारी पाय नाई ठेवला. बाजारात मी दिसली का मिरच्या निवडत बसते. इतक्या मिरच्या त्या घरात खाते कोण?

म्हणून विचारून राह्यली. परसालचं तुझं पक्कं होतं काय? हो का नाई, एका ओळीत लिव.

लोभ आहेच. वाढवाचा का नाई ते तुझं उत्तर पाहून ठरवीन.
तुझी आजी मंगली

*

नागपूर,
ता. ९ सप्टेंबर १९९८

ती. आजीस अंकुशचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझे पत्र पावले. बाबांच्या पायाला हळद-तेल लावावे. प्रश्न तू फार खोल विचारला आहेस. मूर्तीला दाखवलेल्या अन्नाबद्दल टीकाकारांत एकमत नाही. एक म्हणतात, देवळातले जेवण वेगळे आणि घरातले वेगळे. दुसरे म्हणतात, खाणाऱ्याचे ज्ञान महत्त्वाचे. तिसऱ्यांचा भर विश्वासात दुर्बळ असलेल्या भावाला अडखळण होऊ नये यावर आहे. हे सगळे त्या काळच्या करिंथ शहराच्या संदर्भात पाहावे लागते. तूर्त माझे मत तयार होत आहे. घाई करू नये असे वाटते.

बकरीच्या पिल्लांची नावे मी आल्यावर ठेवू.

आपला लोभ असतोच, तो तसाच राहो.
तुझा अंकुश

*

कुरखेडा तालुका,
ता. १४ सप्टेंबर १९९८

चि. अंकुशले अ. आ. वि. वि.

मी एक ओळ मागतली, तू तीन माणसं पाठवले. तिघायचं तिघायशी पटत नाई आन मधात मी. त्यायच्यातल्या एकाच्या तरी बहिणीनं पान वाढलं होतं काय? आन तो दुर्बळ भाऊ कोण? आपल्या मंडळीत देवराव आहे. तो लग्नाच्या पंगतीत तीनदा रस्सा मागते. त्याले अडखळताना मी तरी नाई पाह्यलं.

तुझं मत तयार होत असंल, धान तयार झाला. आज सकाळी रुखमाचा पोरगा चैतू शेताच्या धुऱ्यावर भेटला. तुझा बाप लंगडत गेला होता, त्याले म्हणे, येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी नवा आहे. एवढंच म्हणला. 'जेवाले या' नाई म्हणला. यंदा नाई गेली तं पुढच्या वर्षी दिवसही सांगणार नाई.

पौलही पत्रच लिवत होता ना? त्यानं शेवटी काय म्हटलं तेवढं पाहून सांग. बाकीच्यायले घरी जाऊ दे.

रागात आहो, तरी आशीर्वाद धर.
आजी मंगली

*

नागपूर,
ता. १९ सप्टेंबर १९९८

ती. आजीस सलाम. हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती देत आहे, पोस्टाची वाट पाहत नाही.

माझी चूक झाली. त्या टीकेचे दोन भाग आहेत. परसाल दुसरा भाग एका सोबत्याकडे होता, मी पहिला वाचला. तो आठव्या अध्यायावर संपतो. तेवढ्यावरच तुला लिहिले. पौल मात्र दहाव्या अध्यायापर्यंत बोलतो. तिथे तो म्हणतो की कोणी जेवायला बोलावले आणि तुम्हांला जावेसे वाटले, तर पुढे वाढतील ते चौकशी न करता खा. फक्त कोणी मुद्दाम सांगितले की हे देवाला दाखवलेले आहे, तर थांबावे.

बायबल माझ्या उशाशीच होते. ते उघडून पुढची दोन पाने वाचायचे सुचले नाही. देवरावकाकांना हेही पत्र मंडळीत वाचायला दे. रुखमाआजीला काय सांगशील ते मला सुचत नाही.

तुझा अंकुश

*

कुरखेडा तालुका,
ता. २९ सप्टेंबर १९९८

चि. अंकुशले अ. आ. वि. वि.

अर्ध्या पुस्तकावर माझी सख्खी बहीण तोडली तू. देवरावले पत्र दिलं. परसाल खणखणीत वाचलं होतं, यंदा त्याले अक्षर लागत नोहतं.

परवा मी गेली. या म्हटलं नोहतं तरी गेली. पंगतीच्या शेवटी बसली. रुखमानं सगळ्यायले वाढलं, मले सगळ्यायच्या मागून. मले एकच धाक. तुझा पौल म्हणते कोणी सांगतलं तं थांबा. ती सांगण्याच्या आत संपवाव म्हणून मी असा भराभरा खाल्ला का घशात अडकला. पाणी तिनंच देल्लं.

मग पान उचलताना म्हणाली का एवढी घाई काऊन, हा भात देवापुढचा नाई. तू तिकडं गेली तवापासून तुझ्या वाटचा मी आधीच काढून ठेवतो, तुझ्या देवाले राग नको म्हणून. मी विचारलं, परसालचा? म्हणे, परसालचाही.

इतके वर्षं मी चौकशी न करता खात आली, पौल म्हणते तशी. एक परसालच विचाराले पाह्यजे होतं, तं पान सरकवलं. हे कोण्या टीकेत आहे काय ते पाहू नको.

तिनं तुझ्याही वाटचा नवा तांदूळ काढून ठेवला आहे. नाताळाले येशील तवा आधी तिच्या दारी जा, पुस्तकं बसस्टँडवर ठेवून. ती विचारत होती का नातू तिथी काय करते. मी सांगतलं, वाचाले शिकून राह्यला, अर्ध्यावर आला.

पाठीयचे नावं आम्ही ठेवले. तुझी वाट पाह्यली असती तं त्यायचेही पिल्लं झाले असते.

लोभ होता तेवढाच आहे.
तुझी आजी मंगली