पहिली फेरी मेकॅनिकची

४ मार्च
काल लिफ्ट दुरुस्त केली, रिवाजाप्रमाणे पहिल्या फेरीला मीच आत शिरलो आणि ती दोन मजले खाली आपटली. मी धडधाकट. घाबरलो वगैरे अजिबात नाही. फक्त जेवण पोटात राहत नाही.

५ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोपेच्या गोळ्या नकोत, त्यांनी भीती टळत नाही, उलट मुक्काम ठोकते. घरी बोला, हळूहळू लिफ्टमध्ये जा. वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला लिफ्टमध्ये जायला शिकवतात! किळस आली. मेहुण्याकडे गोळ्या उरल्यात. डोक्यात काही जळायच्या आत मेन स्विच बंद करायचा, साधी गोष्ट.

६ मार्च
एक गोळी. बारा तास गाढ झोप. उपाय रामबाण. तोंडाला मात्र ओल्या पायपुसण्याची चव.

१० मार्च
दोन गोळ्या. एकीची सवय लागू नये म्हणून. बायको म्हणते, ताटात डोकं ठेवून झोपलात. काहीही वाढवून सांगते. कानात भात निघाला, एवढंच खरं.

१५ मार्च
बँकेत पाचव्या मजल्यावर जिन्याने गेलो. पोट सुटलंय म्हणून. कठड्याला काहीतरी चिकट. शी! लोकांना लाज नाही.

१९ मार्च
साहेबांचा फोन. ती लिफ्ट पुन्हा दुरुस्त झालीय, सोमवारी पहिली फेरी मारा, नाहीतर दुसरा माणूस बघतो. मारतो की! धक्का मुळात मनात शिरलाच नाही. गोळ्या बंद.

२० मार्च
भीती शून्य. बाथरूमची कडी लावली आणि घामाने न्हालो. कडीच सदोष. काढून टाकली.

२१ मार्च
मेहुण्याला म्हटलं, चारच गोळ्या दे. संपल्या म्हणाला. घाणेरडा माणूस. लग्नात याचं सामान मी उचललं होतं.

२३ मार्च
लिफ्टचं दार उघडलं. ग्रीसचा वास आला आणि मी साहेबांच्या बुटांवर ओकलो. नाश्ता बाधला म्हणालो. पाय काही उचलेना. साहेबांनी रुमालाने बूट पुसले, ते आत गेले आणि त्यांनी बटण दाबलं. माझी फेरी त्यांनी मारली. स्वतःची आली तेवढी शिसारी मला आजवर कुणाचीच आली नव्हती.
घरी येऊन बायकोला सांगितलं, मला भीती वाटते. कुणाला सांगू नकोस.
ती म्हणाली, "अहो, सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. वीस दिवस झाले, रोज झोपेत ओरडताय."