कावळ्याला वाट

ताई,

मी निघाले. तू वर गच्चीत आईच्या पिंडापाशी बसली आहेस, म्हणून सांगायला आले नाही. मी आले की कॅमेरे येतात. सकाळपासून शेजारच्या गच्च्यांवर चॅनेलवाले उभे आहेत, मग कावळा यायचा कुठून? त्या नालायकांना आईचं काय? त्यांना एवढ्या मोठ्या नेत्याची बायको रडताना हवी आहे. मघाशी एक जण म्हणाला, "मॅडम, परत एकदा नमस्कार करा." आणि मी केला गं. इतक्या वर्षांची सवय. लाज वाटते मला.

आता खाली जाऊन एअरपोर्टला निघाले म्हणून मोठ्याने सांगते. सगळे माझ्या गाडीमागे पळतील, मग आपल्या मांबलमच्या गल्लीतले कावळे येतील.

आईच्या फोटोवरचा ह्यांच्या पक्षाचा हार भावोजींना काढायला सांग. दिल्लीला फोन करू नकोस, तो माझ्यापर्यंत पोचत नाही.

आणि तरीही नाहीच शिवला, तर तिचा जीव माझ्यात अडकलाय असं समज. हात जोडून तिला सांग, सुनीती सुखात आहे. मीही सकाळी सांगून पाहिलं, पण माझ्यावर तिचा विश्वास बसला नाही. तुझ्यावर बसेल.

सुनी