जिन्यावरचा खांदा

सातारा, ९ जून १९९७

ती. सुमंतदादास शि. सा. न. वि. वि.

देवदत्तला उपचारांसाठी तुझ्याकडे सोडून आले आणि एस.टी.त वाटभर झोपले. रडू येईल म्हणून जास्तीचा रुमाल घेतला होता, तो घडी न मोडता घरी आला.

वहिनीला सांग, पोळीचे तुकडे केले तर तो जेवत नाही, आख्खी लागते. पाठीवरून हात फिरवू नका, अंगाला हात लावलेला त्याला सोसत नाही. फक्त जिना आला की खांदा पुढे कर, तो घट्ट धरतो. ऑटिझममुळे त्याचा तोल असा जातो, असं डॉक्टर म्हणाले. वैशाखात मी मागे राहिले आणि तो आमच्या माडीच्या जिन्यावरून पडला. सोळा वर्षांच्या मुलाला मी आणखी किती दिवस धरून चढवणार?

तुझी, शरयू

सांगली, ३ ऑगस्ट १९९७

चि. सौ. शरयूस अनेक उत्तम आशीर्वाद.

भाचा मजेत आहे. घरातल्या पोळ्यांवर आता माझ्याआधी त्याचा हक्क. ऑक्युपेशनल थेरपीच्या बाई त्याला डुलत्या फळीवर उभा करतात, टांगलेल्या झोक्यावर पालथा झोपवतात, फरशीवर आखलेल्या रेघेवरून चालवतात. मीही फळीवर चढून पाहिलं आणि थेट बाईंच्या टेबलावर आदळलो. मामा पडला, ही बातमी चिरंजीवांनी आठवडाभर आळीला ऐकवली.

एक मात्र बाईंनी बजावलं आहे. जिन्यावर त्याला हात, खांदा काही द्यायचं नाही. सुरुवातीला तो पायरीवर बसून राहायचा, मला बघवत नसे. आता कठडा धरून एकटा चढतो.

तुझी पत्रं अशी कोरडी का गं? एकदा भांड तरी माझ्याशी.

तुझा, दादा

सातारा, १९ ऑक्टोबर १९९७

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

देवदत्त घरी रुळला. आला त्या दिवशी जिन्याशी मी सवयीनं खांदा पुढे केला, तो बाजूनं निघून गेला. शेजारच्या काकूंनी पेढे वाटायला सांगितले, ते वाटले. आनंद झाला का म्हणशील, तर तो असणार कुठेतरी, मला अजून सापडलेला नाही. इतक्या वर्षांत त्यानं मला आपणहून धरलं ते त्या जिन्यावरच, हे पेढे वाटताना लक्षात आलं. तो पडावा असं मला वाटत नाही, दादा. देवाशपथ नाही.

काल शाळेत शिकवून घरी आले आणि जिन्यात मधल्याच पायरीवर बसून राहिले. जिना किती अरुंद, तुला माहीत आहे. तो मागून आला, थांबला. कठडा धरून एक पाय उचलला, क्षणभर तसाच उभा राहिला आणि मला ओलांडून वर गेला. माझ्या पदरालासुद्धा त्याचा पाय लागला नाही.

बाईंना कळव, एका पायावर तोल उत्तम सांभाळतो.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी, शरयू