बाबांची रायफल, माझा नेम

लेहतोवारा, ३ सप्टेंबर १९७८

प्रिय टाउनोस, ताईचे अनेक आशीर्वाद.

बटाटे निघाले, सौनाच्या न्हाणीघराचं धुराडं दुरुस्त झालं. बाबांची रायफल मात्र जागेवर नाही. रविवारी तू येऊन गेलास आणि कपाट रिकामं झालं. साफ करायला नेलीस म्हणावं, तर तुला बोल्ट कसा उघडतो हेही ठाऊक नाही! तिच्या परवान्यासाठी मी माझ्या नावाने अर्ज दिलाय. बाबा गेले, तेव्हा यंदा मूस सांबरांच्या हाक्यात त्यांच्या जागी मी उभी राहणार. वीस वर्षं शिकारी टोळीचं सूप ढवळलं, आता पुरे. रायफल कुठे आहे ते लगेच कळव.

तुझ्यावर अजून माया असलेली,
आउनेताई

ओउलू, ९ सप्टेंबर

ती. ताईस, टाउनोचा शिरसाष्टांग नमस्कार.

रागावशील म्हणून बोललो नाही. रायफल हेइक्किनेननी घेतली. टोळीचे म्होरके ते, त्यांना नाही कसं म्हणू? वापरलेली असूनही नळी नव्यासारखी आहे म्हणाले. बाबांचं ते दहा छिद्रांचं निशाणपत्रकही दिलं, सगळी एका नाण्याखाली झाकली जातील असं. टोपी काढून म्हणाले, की मेलेल्या माणसाचा नेम तपासणं म्हणजे त्याच्या थडग्यावर थुंकणं. बदल्यात बाबांची जागा मला दिली. घरातली जागा घरातच राहिली ना? शिवाय तुझ्या सूपाशिवाय हाका म्हणजे बिनमिठाचा मासा, असंही म्हणाले. चिडलीस की तू हुबेहूब बाबांसारखी दिसतेस, तेव्हा चिडू नकोस.

लोभ होता तेवढा तरी ठेव.
टाउनो

लेहतोवारा, २६ नोव्हेंबर

टाउनोस,

आशीर्वाद आज लिहवत नाहीत. हाक्याला तू सर्दीचं निमित्त करून आला नाहीस, म्हणून ऐक. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत चार वर्षं मोतीबिंदू होता, हे तुला शहरात कसं कळावं! ती दहा छिद्रं माझी. नेम मी घरी भरलेल्या जड गोळ्यांवर जुळवला होता. हेइक्किनेननी दुकानातल्या हलक्या गोळ्या घातल्या आणि एकही न झाडता रानात गेले. मूसच्या मादीचा मागचा पाय फुटला. पुरुष कुणाची चूक यावर भांडत बसले. रक्ताचा माग दोन कोस मी काढला, म्होरक्यांच्या हातून रायफल हिसकावली आणि अगदी जवळून एका गोळीत तिला वेदनेतून सोडवलं.

टोळीच्या झोपडीत मी सांगितलं, की पत्रक माझं आहे. हेइक्किनेन म्हणाले, तरीच, बाईने बसवलेला नेम पायातच लागणार. सगळे हसले. माझंच सूप पीत हसले.

मागच्या आठवड्यात ते आपल्या जंगलात शिकार करू देण्याचा करार घेऊन आले. जंगल बाबांनी माझ्या नावे केलंय, आणि शिकारीचा हक्क जमीनमालकाचा असतो, बंदूकवाल्याचा नव्हे. आपले दोनशे हेक्टर मधून गेले, तर टोळीच्या रानाचे दोन तुकडे होतात आणि सलग रानाशिवाय मूसच्या शिकारीचा परवाना मिळत नाही. म्हणाले, दरवर्षीचीच सही, आउने, इथे कर. मी विचारलं, माझी जागा? म्हणाले, ती तर टाउनोची.

मी सही केली नाही. गावात आता माझ्याशी कुणी बोलत नाही. चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटी. तुझी जागा मात्र शाबूत आहे. जाऊन उभा राहा. समोरून काही येणार नाही.

आउने