हळदीला मागे बसण्याबाबत

पुनावळे, रविवार

चि. ज्योतीराम,

आक्काचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझी तब्येत ठणठणीत आहे, त्यामुळे काहीजणांची काळजी वाढली आहे. "भाग्यश्रीच्या लग्नाला ये, पण हळदीच्या वेळी जरा मागे बस, लोक बोलतात," हा तुझ्या लेकीच्या लग्नाचा निरोप मिळाला. त्याचं उत्तर शेवटी देते. आधी आमच्या सोसायटीतली यंदाची संक्रांत ऐक.

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून हॉलमधल्या हळदीकुंकवाचं बोलावणं समोरच्या दारापर्यंत येतं आणि तिथूनच परत फिरतं. शेजारणींनी दोनच उपाय सांगितले: भांडा, नाहीतर दार लावून वाचत बसा. (वाचत मी तशीही बसते, दार कशाला लावू?) हे चाकणच्या कंपनीत टूलरूमला होते. नट सुटेना की म्हणायचे, जोर लावू नकोस, दुसऱ्या बाजूने पाना बसतो का बघ. मी बघितलं. बोलावणं येत नाही, तर आपणच बोलावणारीण व्हावं. डिसेंबरातच सोसायटीच्या ऑफिसात जाऊन संक्रांतीच्या संध्याकाळचा हॉल माझ्या नावावर केला. (कारण : हळदीकुंकू. मॅनेजरने दोनदा वाचलं.)

महिला मंडळाच्या कुसुमताई धावत वर आल्या. "अहो, दरवर्षी तिथं आमचं असतं!" म्हटलं, "मग या की सगळ्याजणी, आमंत्रणच देते." आल्या, पण उंबऱ्याशीच खोळंबल्या. मी करंडा घेऊन उभी आणि कुणी कपाळ पुढे करेना. तेवढ्यात लिफ्टमधून कुसुमताईंच्या सासूबाई उतरल्या. वय ब्याऐंशी, त्याही माझ्यासारख्याच. सगळ्यांना कोपरानं सारत म्हणाल्या, "मला लाव गं आधी. चौदा वर्षं झाली." लावलं. (घाईत कुंकू थेट भुवईवर गेलं.) सासूनं लावून घेतल्यावर सून जाते कुठे? मागोमाग चाळीसजणी.

तुझी,
आक्का

ता.क. आता उत्तर. मी मागे बसणार नाही. भाग्यश्री कालपासून माझ्याकडे आहे (मैत्रिणीकडे जाते असं तुला सांगून आलीय). तिची हळद शुक्रवारी सकाळी दहाला, आमच्या हॉलमध्ये. हट्ट तिचा, हॉल माझा. तुला सहकुटुंब आमंत्रण. नवरदेवाकडची उष्टी हळद तेवढी वेळेत घेऊन ये. निघोज्याहून निघताना चाकणचं ट्रॅफिक धरून नीघ.

पुन्हा ता.क. पहिली हळद मीच लावणार. तिची आई बाळंतपणात आजारी होती, तेव्हा त्या पोरीला हळद-तेल चोळून वर्षभर मीच न्हाऊ घातलं. तेव्हा तू मला म्हणाला होतास, आक्का, तुझ्याशिवाय कुणाचा हात नको.