तनशीचं तेल अन् सात मिरच्या

मु. बपेरा, ता. तुमसर
२४ नोव्हेंबर

चिरंजीव निकेश,

मायचे लाख आशीर्वाद. घरी सारं बेस हाये. कामिनीले आठवा लागला. दारातून पहिले पोट येते, मंग सूनबाई. असं म्हनलं का फुगून बसते. तुहा फोन लागून नाही राहिला म्हनून लिवते, असं समजू नको. चौथीपर्यंतची शाळा वाया जाईन म्हनून बसली लिवाले.

बातमी अशी, का तुमसर रोडले धानाच्या वाळल्या तनशीपासून तेल काढाचा कारखाना सुरू झाला. त्याचा साहेब गावात सभा घ्याले आलता. म्हने, हे तेल फौजेच्या गाड्याइले जाईन, बाहेरच्या देशाच्या तोंडाकडं पाहाचं काम नाही, लढाई लागली तरी गाड्या उभ्या नाही राहनार. टेकचंद सरपंचानं टाळ्या पिटल्या. मी पदर खोचून उभी झाली.

"साहेब, मंग माह्या पोराले टँकर घेऊन पहाडावर जा नाही लागनार ना?"

साहेब हासला. "तेल आपलं राहीन आजी. पन वर न्याले टँकर तर लागनच."

मी खालीच बसली. साहेबाले कसंतरी वाटलं असन. मंग सांगे, पुढं कधीतरी फौज राहाते तिथंच तेल बनन. बरफाचं पानी, हवा अन् उनाची बिजली, बस. टँकरचं कामच नाही. दहा-पंधरा साल लागतीन. मी म्हनलं, बरफ वर हाये, हवा हाये, ऊन हाये, मंग अडलं कुठं? उद्याच लागा कामाले, माही तनीस फुकट न्या. सारी सभा हासली. मीही हासली.

म्हशीपुरती ठेवून बाकी तनीस देल्ली. गाडी भरताना तुह्या नावानं मीठ, मोहरी अन् सात लाल मिरच्या उतरवल्या. चुलीत टाकाच्या तर गठ्ठ्यातच खोसल्या. जळतीन तिथंच. भरनारा देवाजी म्हने, काकी, मशीन शिंकन. म्हनलं शिंकू दे. तुह्या इंजनाले ठसका लागला तर समजजो, नजर उतरली.

टीव्ही बिघडला हाये.

बिघडला नाही. परवा त्यात दाखवलं, तिकडच्या घाटात तेलाचा टँकर दरीत गेला. नंबर नाही दाखवला. कामिनीनं उठून त्यावर चादर टाकली अन् मले म्हने, मामी, टीव्ही बिघडला. मी म्हनलं, बरं झालं, डोळे दुखतच होते. तवापासून आमी दोघी दिवसभर बडबड करतो, पन तुह्यं नाव कोनीच नाही घेत.

फोनची नुसती एक घंटी दे. मी उचलनार नाही. काही विचारनार नाही.

अन् हे पाकीट तूच फोडजो, बापा. दुसऱ्या कोनी फोडाचं नाही.

तुही माय,
कुंताबाई