हिरामणचा कान

भूज, ३ मे १९५५

...आणि वर आयचा निरोप, "झालं गेलं सोड, आता तो जावई हाय." कसं सोडू? मिठागराची उघाडी, बांधातलं पाण्याचं दार, हिरामणनं उघडली. उधाणाचं पाणी आत शिरलं, सगळं मीठ विरघळलं, आणि बानं अख्ख्या गव्हाण गावासमोर थोबाडीत मारली ती मला. हिरामण बाजूला उभा, तोंड शिवल्यासारखा. त्याच दिवशी घर सोडलं. इथं विमानात सामान चढवतो.

आता तोच रोडपालीचा हिरामण माझ्या बहिणीचा, सोनीचा नवरा! लग्न रविवारी. पत्र आज मिळालं.

४ मे

जाणार. कान पिळायचा हक्क नवरीच्या भावाचा. भर मांडवात नवऱ्याचा कान माझ्या हातात, आणि त्याला हूं की चूं करता येणार नाय. उघाडी कोणी उघडली ते सगळ्यांसमोर वदवून घेतो. तोवर कान सोडत नाय.

रेल्वे रणाला वळसा घालून जाते. आज बसलो तर शनिवारी पनवेल. इतके दिवस डब्यात कोण बसणार? आमचे मुकादम जेठाभाई मला पनवेलच म्हणतात. म्हणाले, "साहेबांना विचार, पनवेल. जागा रिकामी असली तर जामनगरपर्यंत फुकट बसवतील. अर्धा तास फक्त."

अर्धा तास! गव्हाणहून होडीनं खाडीपलीकडं जायला तेवढाच लागतो. म्हणजे जामनगर घराच्या वाटेवरच. तिथून काय, संध्याकाळपर्यंत पोचू.

६ मे

आज जागा नव्हती. एक जाडा शेठ बसला. त्याच्या ट्रंका मीच चढवल्या. आपटूनच.

७ मे, जामनगर

आलो एकदाचा. खाली आखात, मग किनाऱ्याला मिठागरं, आपल्यासारखीच चौकोनी. उतरताना माझेच कान असे दुखले, जसे कोणी पिळले.

विमान मला उतरवून मुंबईला गेलं. पुढच्या सगळ्या जागा भरलेल्या. स्टेशनवर विचारलं तर तिकीटबाबू हसला, "पनवेल? सोमवार उजाडेल, भाई."

सोमवार. म्हणजे अर्ध्या तासात घराची वाट काहीच संपली नव्हती. बुधवारी मुकाट रेल्वेत बसलो असतो तर आज घरी हळद लावत असतो. जेठाभाईला बघतो.

८ मे

परतीची जागा उद्या. आज फलाटावर बसून. आत्ता मांडव भरला असेल. कान कोणाच्या हातात?

१९ मे, भूज

सोनीनं पत्र लिहून घेतलंय. चुलतभाऊ नाम्या माझ्या जागी उभा राहिला, आणि कान धरता धरता हसत सुटला. बावळट. हिरामणनं पाच रुपये काढले, पण नाम्याला दिले नाहीत. म्हणाला, "मान मेव्हण्याचा हाय, त्यालाच धाडतो."

खाली सोनीचे शब्द, "दादा, मी तुझी वाट बघत होते. ते पण सारखे रस्त्याकडं बघत होते."

कशाला बघत होता? भीतीनं?

मनिऑर्डरही आज आली. कुपनावर हिरामणचं एकच वाक्य : "आता फिटलं, दादा."

दादा म्हणतो मला!

२१ मे

दोन दिवस नोट खिशात. जेठाभाई म्हणाले, "खा मिठाई, शुभ काम आहे." खाल्ली नाय.

पाच रुपयांत थोबाडीत फिटत नाय. पोस्टात जाऊन आलो. कुपनावर लिहिलं : "कान जपून ठेव. दिवाळीला येतो, रेल्वेनं."

हिरामणला परत, रुपये पाच.